म्हापशाहून आलेला फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मुलीला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या सुलभाला — माझ्या बायकोला — तर नाहीच. तिच्या आधी तुम्हाला सांगतोय, यातसुद्धा माझा भित्रेपणाच आहे. तुम्ही समोर नाही. तुमचा चेहरा बदलताना मला बघावा लागणार नाही.

कुठून सुरू करू? गावापासूनच करतो. मी उत्तर गोव्यातल्या पार्शाचा. पेडण्यात एका सरकारी कचेरीत कारकून होतो, मागच्या वर्षी निवृत्त झालो. घर, घरामागे नारळी, वर डोंगरावर काजूची बाग. गावाचं मला वेड — आणि ते वेड मी सगळ्यांना ऐकवत आलो. म्हापशाचे, पणजीचे पाहुणे रविवारी यायचे. मी त्यांना बाल्कांवात, घरापुढच्या ओट्यावर, बसवायचो, नारळ फोडून द्यायचो, काजूच्या दिवसांत बोंडांचा ताजा रस, नीरो, पाजायचो. मग माझं सुरू व्हायचं — तुम्ही लोक खुराड्यात राहता, इथली हवा बघा, पाणी बघा, इथे माणूस माणसाला ओळखतो. पाहुणे माना डोलवायचे. जत्रेच्या नाटकात मी दरवर्षी काम करायचो, त्यामुळे आवाज चांगला, बोलणं ठाशीव. ऐकणाऱ्याला पटायचंच.

त्या वेळी सुलभा कुठे असायची? आत, चुलीपुढे. पाहुण्यांसाठी मासे तळत. हे मला तेव्हा दिसत नव्हतं का? दिसत होतं. धूर बाहेरपर्यंत यायचा.

सुलभा म्हापशाची. बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुकानावरच्या दोन खोल्यांत वाढलेली. दार उघडलं की माणसं, खाली चहाचं दुकान, चार पावलांवर बस स्टँड. बारावीनंतर तिने लॅबोरेटरीचा कोर्स केला होता — रक्त काढणं, तपासणं, ते सगळं. लग्नाच्या बोलण्यात तिच्या वडिलांनी मला सरळ विचारलं होतं, "मुलगी शहरात वाढलीय. म्हापशात बिऱ्हाड कराल ना?" मी म्हणालो, "दोन-तीन वर्षांत करतोच." तेव्हा ते मी खोटं म्हणालो नव्हतो. निदान मला तसं वाटतं. पण खरंही म्हणालो नव्हतो. म्हणायचं म्हणून म्हणालो.

ती आली आणि शिकली. विहिरीचं पाणी ओढायला शिकली, कारण वीज गेली की पंप बंद. ओल्या लाकडांवर भात शिजवायला शिकली. काजूचा हंगाम आला की आईबरोबर डोंगरावर जायची, पडलेली बोंडं वेचायची, बिया पिळून वेगळ्या काढायची. बियांच्या तेलाने तिच्या बोटांची सालं निघायची. जेवताना आमटीत बोटं गेली की ती डोळे मिटून घ्यायची. मी संध्याकाळी मोटरसायकलवरून यायचो, पंपाखाली अंघोळ करायचो, बाल्कांवात बसून चहा मागायचो. गावाचं सुख माझ्या वाट्याचं आणि गावाचे कष्ट तिच्या वाट्याचे — अशी वाटणी कुणी केली होती? कुणीच नाही. ती होती तशी मी चालू दिली.

पण माझा गुन्हा हा नाही. असे नवरे पुष्कळ असतात, मी त्यांच्यातला एक म्हणून सुटलो असतो. गुन्हा पुढे आहे. मी मुद्दामच सावकाश येतोय तिकडे.

आमची रेवती शाळेत जायला लागली, तेव्हाची गोष्ट. म्हापशातल्या एका खासगी दवाखान्याला लॅबसाठी माणूस हवा होता. सुलभाच्या माहेरच्या कुणीतरी कळवलं. तिने मला विचारलं, आईला विचारलं. आई म्हणाली, "जा गो बाय. मी काय आंधळी झालंय? भात मी शिजवीन, पोरीला मी बघीन." हे मुद्दाम सांगतो, कारण आईचं निमित्त पुढे करायची सोय मला नाही. आई आडवी आली नव्हती.

मुलाखतीआधी सुलभाने आठवडाभर सराव केला. कोणावर? माझ्यावर. संध्याकाळी मी बसलो की ती माझा हात पुढे ओढायची, दंडाला जुन्या ओढणीची पट्टी बांधायची, आणि कोपरात बोटाने शीर शोधायची. सुई नसायची, फक्त बोट. एकदा सापडली की म्हणायची, "ही बघा. हिला फसवता येत नाही." सालं गेलेल्या त्या बोटांचा स्पर्श कसा होता ते मी अजून सांगू शकतो. तिचा चेहरा इतका हसरा मी लग्नानंतर पाहिला नव्हता. आणि तो बघून मला काय वाटलं असेल? आनंद? थोडा. पण त्याच्याखाली भीती होती. मला वाटलं, ही गेली. रोज सकाळच्या बसने जाईल, पगार आणेल, मग म्हणेल रेवतीची शाळा तिकडेच बघू, मग म्हणेल भाड्याने जागा बघू. पार्शात मला सगळे भाऊ म्हणतात. रस्त्याने निघालो तर चार ठिकाणी थांबवतात. म्हापशात मी कोण? दुसऱ्या मजल्यावरचा, पिशवी घेऊन जिना चढणारा कुणीतरी.

मुलाखत झाली. घरी फोनला रेंज नव्हती, आणि घरात मोबाइल एकच होता — माझा. म्हणून तिने माझा नंबर देऊन ठेवला होता.

फोन आला तेव्हा मी कचेरीत होतो, दुपारची वेळ. मी उठून मागच्या अंगणात गेलो. पलीकडे डॉक्टर बाई होत्या, त्या दवाखान्याच्या लॅबच्या प्रमुख. म्हणाल्या, "सुलभाला आम्ही घेतोय. सोमवारपासून येऊ दे. हात फार चांगला आहे तिचा."

आणि मी — काही ठरवलेलं नव्हतं, खरंच नव्हतं — मी म्हणालो, "मॅडम, तिला नाही जमणार. माझी आई आजारी आहे. घरी दुसरं कुणी नाही."

"अरेरे. मी तिच्याशी बोलू का? थोडे दिवस थांबू आम्ही."

"ती घरी आहे. तिनेच मला कळवायला सांगितलंय."

हेच ते. तिनेच मला कळवायला सांगितलंय. मी नाही म्हणालो असतो, तर तो माझा नकार झाला असता. मी तो तिच्या तोंडचा नकार करून टाकला. आवाज अडखळला का? मुळीच नाही. नाटकात कमावलेला आवाज तो. डॉक्टर बाई म्हणाल्या, "सासूबाईंची काळजी घ्यायला सांगा तिला." मी त्यांचे आभार मानले. त्या वेळी माझी आई घरामागे चिंचा फोडत बसलेली असणार, ठणठणीत.

मी जागेवर येऊन बसलो. समोर एक म्हातारा दाखल्यासाठी उभा होता. त्याचं काम मी लगेच करून दिलं. रोज कुणाचं इतक्या लवकर करत नसे.

संध्याकाळी घरी आलो. मोटरसायकलचा आवाज ऐकून सुलभा पायरीवर येऊन उभी. "आज काही फोन?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग तिने विचारायचं सोडलं. मी गाडी लावताना ती फक्त माझ्याकडे बघायची, आणि मी मान हलवायचो. तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी सांगता आलं असतं. हो. त्या आठवड्यात कधीही सांगता आलं असतं. डॉक्टर बाई थांबायला तयार होत्या. मी परत फोन लावला असता, आई बरी झाली म्हणालो असतो — खोटं उलटवायला दुसरं खोटं पुरलं असतं. रोज सकाळी निघताना वाटायचं, आज लावू. रोज संध्याकाळी मान हलवायचो.

मग एका रविवारी ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "माझंच चुकलं असणार. त्यांनी इंग्रजीतून दोन प्रश्न विचारले, तेव्हा मी अडखळले. आणि इतकी वर्षं हातात सुई नाही. त्यांना कळलं असेल."

आणि मी काय केलं? मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "मनाला लावून घेऊ नको. शहरात वशिला लागतो. आपल्यासारख्यांना कोण घेणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही होता म्हणून."

एवढंच. तुम्ही होता म्हणून. माझ्या सांत्वनाचे तिने आभार मानले. फोनवर जे केलं ते क्षणात झालं, पण हे तसं नव्हतं. इथे मी सावकाश, शुद्धीत, हात फिरवत बसलो होतो. रात्री मला झोप लागली. लागली नसती तर आज सांगायला तेवढं तरी असतं.

कोर्सच्या वेळचा पांढरा कोट तिने मुलाखतीसाठी इस्त्री करून ठेवला होता. पुढच्या हंगामात तो तिने साडीवर घालायला काढला — बागेत मुंग्या चावतात म्हणून. काजूचा डाग जात नाही, धुवा किती. हंगाम संपेपर्यंत तो कोट तपकिरी झाला. मी रोज बघत होतो. नवीन काहीतरी आणून देऊ, हे टाक, असंसुद्धा म्हणालो नाही.

तिने पुन्हा कुठेच अर्ज केला नाही. आपल्याला बाहेरचं जमत नाही, हे तिने धरून टाकलं. आणि हळूहळू घरानेच ते धरलं. बँकेत जायचं तर मी, रेवतीच्या शाळेत शिक्षकांना भेटायचं तर मी. रेवती मोठी झाल्यावर गमतीने म्हणायची, "आईला म्हापशात रस्ता ओलांडायला भीती वाटते." मी हसायचो. जी मुलगी त्या बाजारात परकर सावरत धावत वाढली, तिला तिथला रस्ता ओलांडायची भीती वाटायला लागली होती, आणि मी हसायचो. सुलभाही हसायची.

रेवतीला शिकल्यावर म्हापशातच एका कंपनीतून मुलाखतीला बोलावणं आलं. पोर घाबरली होती. सुलभा तिला दही-साखर देत म्हणाली, "जा. फार तर नाही म्हणतील. मला नाही म्हणाले होते, मी मेले का?" मी बूट घालत होतो. नाडी बांधायला मला फार वेळ लागला. रेवतीला नोकरी मिळाली. सुलभाने देवापुढे साखर ठेवली, आणि मला म्हणाली, "माझ्यावर नाही गेली, बरं झालं."

सांगा, या वाक्यानंतर माणूस गप्प कसा राहतो? मला विचाराल तर — सहज राहतो. सवय झालेली असते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोघं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो होतो, पुरुमेंताच्या खरेदीला — पावसाळ्यात लागणाऱ्या सुक्या मिरच्या, कोकम, सुकी मासळी. आई तोवर गेली होती. सुलभा मिरच्या हातात घेऊन बघत होती, मी पिशवी धरून उभा. मागून एक म्हाताऱ्या बाई आल्या, पांढरे केस, हातात छत्री. सुलभाकडे निरखून बघत म्हणाल्या, "तू पार्शाची ना गो? लॅबसाठी आली होतीस. सुलभा."

सुलभा गोंधळली. मग ओळखलं. "डॉक्टर बाई! तुम्हाला माझं नाव कसं आठवतं?"

मला पुढचं कळलं होतं. मी मिरच्यांच्या ढिगाकडे बघत राहिलो.

"आठवणार नाही? इतका हलका हात मी फार थोड्यांचा पाहिला. तू नकार कळवलास तेव्हा फार वाईट वाटलं मला. म्हटलं, एवढी चांगली मुलगी आणि घरात अडकली. सासूबाई बऱ्या झाल्या का मग?"

बाजार चालूच होता. शेजारची बाई गिऱ्हाइकाशी भाव करत होती. सुलभाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं अक्षर लागत नसलं की आपण कागद जवळ धरून बघतो, तसं. आणि तिला ते लागलं. मला दिसलं ते.

ती डॉक्टर बाईंकडे वळून म्हणाली, "हो. झाल्या बऱ्या. घरी तेव्हा जरा अडचण होती."

तिने मला वाचवलं. भर बाजारात, एका शब्दाची तयारी नसताना. मग तिने मिरच्या घेतल्या, भावही केला. कोकम घेतलं. माझ्या हातातली पिशवी जड झाली म्हणून दुसरी स्वतः घेतली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. मी मनात वाक्यं जुळवत होतो. घरी जाऊन ती बोलेल, रडेल, भांडेल — मी कबूल करीन. घरी पोचल्यावर तिने अंगणात चटई घातली, मिरच्या पसरल्या, हात धुतले आणि जेवण वाढलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज बोलेल. बोलली नाही. मी तिच्या बोलण्याची वाट बघत राहिलो. चूक माझी, आणि सुरुवात तिने करावी!

पावसाळा संपता संपता ती म्हणाली, "रेवतीला म्हापशात एकटीला जेवणाचे हाल होतात. मी तिच्याकडे राहते."

"किती दिवस?"

"बघू."

तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी "बरं" म्हणालो. तिला बसपर्यंत सोडायला गेलो. बस आल्यावर ती चढली आणि खिडकी रिकामी असूनही आतल्या बाजूच्या सीटवर बसली.

आता मी पार्शात एकटा असतो. पंप बंद पडला की पाणी मी ओढतो. पहिल्याच महिन्यात हाताला फोड आले. ओली लाकडं पेटत नाहीत, डोळे चुरचुरतात, भात खाली लागतो. हंगामात बागेत गेलो, बिया काढल्या, आणि रात्री जेवताना आमटीत बोटं घातली तेव्हा कळलं ती डोळे का मिटायची. बाल्कांवात बसून कुणाला गावाचं कौतुक सांगावं असं आता वाटत नाही. लोक विचारतात, वहिनी कुठे? मी म्हणतो, मुलीची सोय बघायला गेलीय. तेही पटतं लोकांना.

तिकडे सुलभाने एका छोट्या लॅबमध्ये काम धरलंय. रक्त काढायला नाही. तिचा कोर्स जुना झाला, आता तसा चालत नाही, आणि तपासण्या सगळ्या मशीनवर. ती दारात बसते, आलेल्या माणसांना बसवते, नंबर देते. मुलं घाबरून रडायला लागली की त्यांना धरायला तिलाच बोलावतात, असं रेवती म्हणाली. रस्ता ती रोज एकटी ओलांडते.

शुक्रवारी मी तिच्याकडे जातो, केळी-नारळ घेऊन. गेल्या शुक्रवारी मी ठरवून निघालो होतो. कोलवाळच्या पुलावर बस थांबली होती, तेव्हा वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं — फोन आला होता, मी नाही म्हणालो, तुझ्या नावाने म्हणालो. सोपं वाक्य. जिना चढलो. दार उघडंच होतं, शेजारची एक बाई येऊन बसली होती. सुलभाने ओळख करून दिली, "हे आमचे. यांना शहर मानवत नाही, म्हणून आम्ही इतकी वर्षं गावातच काढली." ती बाई कौतुकाने म्हणाली, "भाग्य लागतं हो गावात राहायला." ती बाई गेली. आम्ही दोघंच उरलो. रेवती यायला अवकाश होता. सुलभाने चहा दिला आणि समोर बसली. तिला कसली घाई नव्हती. ती माझ्याकडे बघत होती — मला वाटतं, ती वाट बघत होती.

मी केळ्यांबद्दल बोललो. या खेपेला घड चांगला आलाय, म्हणालो.

ती म्हणाली, "हो, दिसतोय." मग माझा रिकामा कप उचलून आत गेली.

तिला सगळं माहीत आहे. फक्त माझ्या तोंडून ऐकलेलं नाही. तेवढं एकच तिला द्यायचं माझ्या हातात उरलंय, आणि अजून मी ते दिलेलं नाही.